बारीक पायाचे बूट

९ मार्च

आज चौथ्या दुकानातून हात हलवत बाहेर पडले. हात हलवत म्हणायचं इतकंच, प्रत्यक्षात मुठी वळलेल्या होत्या.

दुकानातल्या माणसाने माझ्या पायाकडे बघितलं, मान वाकडी केली आणि म्हणाला, "मॅडम, बूट एकदम चांगलाय. तुमचा पायच बारीक आहे."

म्हणजे चूक पायाची! बूट निर्दोष! मी सव्वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. "कवळी चांगली आहे, तुमचा जबडाच वाईट" असं कुणा पेशंटला सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही. कवळीखाली केसाएवढी फट राहिली तर माणसाला घास चावता येत नाही. ती परत येते, मी ती पुन्हा घासते. आणि हा माणूस बोटभर फट समोर दिसत असताना म्हणतो, जाड मोजे घाला.

ही वही त्यासाठीच काढली. कुणाला तरी सांगितलं नाही तर डोकं फुटेल, आणि घरात मी एकटी.

झालंय असं, की दादाला डोंगर चढायची हुक्की आली आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर मोजणी खात्यात जमिनी मोजल्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. सहा दिवसांची चाल, मधे मोठी खिंड, मुक्कामाला वरचे निवारे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलं आरक्षणही करून ठेवलंय. वहिनीच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, ती येऊ शकत नाही. "काडी, तुझ्याशिवाय कोण येणार?" म्हणाला. काडी म्हणजे मी. पायांवरूनच पडलेलं नाव. दादाने माझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नाही, म्हणून मी हो म्हणून बसले. तेव्हा बूट लागतील हे डोक्यातच आलं नाही.

१३ मार्च

दादाला फोनवर सगळं सांगितलं. चारही दुकानं, टाच कशी वर उचलली जाते, लेस आवळून आवळून दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या तरी बूट कसा सैलच राहतो. शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग एक नंबर लहान घे ना."

अरे, पाय बारीक आहे, आखूड नाही! लहान नंबरात बोटं दुमडतात. मोजणी खात्यातल्या माणसाला लांबी आणि रुंदी यातला फरक मी सांगायचा?

२१ मार्च

पार्सलने मागवलेला बूट आला. 'खास स्त्रियांसाठी.' खास म्हणजे जांभळा. बाकी सगळा पुरुषांचाच, नुसता आखूड केलेला. दोन तास घालून जिना चढले-उतरले. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन विचारून गेले, "कपाट हलवताय का?" दोन्ही टाचांना फोड.

परत पाठवायच्या कागदावर कारणांची यादी होती. रंग आवडला नाही. उशिरा मिळाला. लहान होतो. मोठा होतो. विचार बदलला. 'रुंद होतो' नाहीच! असा प्राणी त्यांच्या हिशेबात जन्मालाच आलेला नाही. मी एकाही चौकोनात खूण केली नाही. बसा म्हणावं डोकं खाजवत.

संध्याकाळी दादाचा फोन. "काय गं काडी, बूट घेतलेस का?"

"दादा, तुला परवा सगळं सांगितलं ना?"

"हो का?"

हो का! चांगला अर्धा तास बोलत होते मी. आपण बोलतो ते यांना नळाच्या पाण्यासारखं. वाहतंय तर वाहू दे.

३० मार्च

सुट्टी. दादाकडे गेले होते. जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा पसरलेला. दादाने बोट फिरवत वाट समजावून सांगितली, चढ कुठे, पाणी कुठे, खिंडीच्या अलीकडे कुठे दम लागेल. अशा वेळी त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं. कागदावरच्या त्या बारीक रेघांतून त्याला खरोखर डोंगर दिसतात. फक्त वाटेची रेघ त्याने लाल पेन्सिलीने इतक्या वेळा गिरवली आहे की एका जागी कागद फाटायला आलाय. म्हटलं, एकदा काढून समाधान नाही का होत? हसला.

वहिनीचं मात्र काही कळत नाही. स्वयंपाकघरात प्रत्येक खणावर चिठ्ठी. 'चमचे.' 'चहा-साखर.' 'औषधं, सकाळची.' बाथरूमच्या दारावरसुद्धा चिठ्ठी! पस्तीस वर्षं त्याच घरात राहणाऱ्या माणसाला बाथरूम कुठलं हे वाचून कळायला पाहिजे का? घराचं ऑफिस करून टाकलंय. दादा बिचारा काही बोलत नाही.

निघताना मी म्हटलं, "बूट नाही मिळाले तर पुढच्या वर्षी जाऊ. डोंगर काही पळून जात नाही."

वहिनी भांडी पुसत होती. मागे न वळता म्हणाली, "पुढच्या वर्षी नाही. यंदाच जा."

"अहो वहिनी, पण माझे पाय..."

"पायांचं तू बघ. पण यंदाच."

माझ्या पायांनी कधी चालायचं हेही आता वहिनी ठरवणार. बसमध्ये घरापर्यंत रागाने धुमसत होते.

१२ एप्रिल

शहराबाहेरच्या मोठ्या दुकानात गेले. तिथे पाय मोजायचं यंत्र आहे म्हणे. काचेवर उभं केलं, हिरवा दिवा फिरला, पडद्यावर माझ्या पावलांचं चित्र आलं. तज्ज्ञबाई चष्मा वर सरकवून बघत राहिल्या.

"तुमचं माप फारच कमी आढळतं," त्या म्हणाल्या.

"पण आढळतं ना?"

"आढळतं. पण या रुंदीचे बूट कंपनी बनवत नाही."

"मग मोजलंत कशाला?"

"म्हणजे तुम्हाला माहिती मिळावी म्हणून."

"माझा पाय बारीक आहे ही माहिती मला पन्नास वर्षं आहे!"

शेजारी मोजे बघणाऱ्या बाई दचकल्या. तज्ज्ञबाई शांतच. बुटात घालायचे दोन जाड तळ दाखवले, लेस वेगळ्या पद्धतीने बांधून दाखवली, घोट्याजवळ आडवा फास घेऊन. टाच जरा थांबली हे खरं. पण दहा पावलांत चवडा इकडून तिकडे सरकायला लागला, डब्यात वाटाणा हलावा तसा. "बहुतेकांना याची सवय होते," त्या म्हणाल्या.

चष्म्याच्या दुकानात कुणी सांगतं का, की तुमचा नंबर आम्ही बनवत नाही, हा घ्या, सवय होईल?

तरी घेऊन आले. दुसरं करणार काय.

२० एप्रिल

सरावासाठी दादाबरोबर शहरामागच्या टेकडीवर गेले. तो तुरुतुरु पुढे, मी लंगडत मागे. साठी उलटलेला माणूस, पण पाय अजून तरण्याचे.

वर एका जागी वाटेला दोन फाटे फुटतात. मी पोचले तेव्हा दादा तिथे उभा होता. बराच वेळ झाला असावा, कारण मी खालच्या वळणावरून बघितलं तेव्हाही तो तसाच उभा होता. नकाशा खिशातच. "काय बघतोस?" विचारलं तर डावीकडे चालू लागला. ती वाट दगडाच्या खाणीकडे जाते, तिथे पाटीच आहे. मी म्हटलं, "दादा, उजवीकडे."

तो गर्रकन वळला. "मला वाट शिकवू नकोस!"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. जन्मभर जो सावकाश, खालच्या आवाजात बोलला तो माझा भाऊ. उतरताना पाय पुढे सरकून बोटं बुटाच्या टोकावर आपटत होती. घरी येऊन मोजा काढला तर अंगठ्याचं नख निळं.

दोष त्या बुटांचाच. माझ्यामुळे उशीर झाला, त्याचं डोकं तापलं. बूट बरे असते तर भांडण झालंच नसतं.

२ मे

नख गळून पडलं. एक गोष्ट सुचली आहे. इतकी साधी, की आजवर सुचली नाही याचाच संताप येतोय.

जबड्याचा साचा काढते, तसा पायाचा का नाही?

६ मे

लॅब बंद करायच्या वेळी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "पावडर नवीन आणून द्या, बाकी काय वाट्टेल ते करा." दोन घमेली घेतली, माप घ्यायची पावडर कालवली आणि स्टुलावर बसून दोन्ही पाय घोट्यापर्यंत आत घातले. जबड्याला चमचाभर मिश्रण लागतं, पायांना पूर्ण डबा लागला. पॉलिश करणारी माझी मैत्रीण घड्याळ लावून समोर उभी. मिश्रण घट्ट झालं आणि नेमका तेव्हाच कुरिअरवाला आला. सही मी घमेल्यात उभी राहून केली. तो खाली बघायचं टाळत होता.

ठशात प्लास्टर ओतलं. आता टेबलावर माझे दोन पांढरे पाय उभे आहेत. लांब, बारीक, टाच चिमटीएवढी. चांगले आहेत की! एवढं वाईट काय आहे यात?

८ मे

इस्पितळाच्या मागच्या बाजूला एक कारखाना आहे. मधुमेहाने पाय बिघडलेल्यांसाठी, अपघातात पाय वाकडे झालेल्यांसाठी तिथे बूट बनवतात. मुख्य कारागिराला सगळे मास्तर म्हणतात. चामड्याचा वास, भिंतीवर लाकडी पाय टांगलेले, प्रत्येकावर खडूने आडनाव.

मी पिशवी उघडायच्या आतच मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही चालत आलात. इथे चालता न येणाऱ्यांची रांग आहे."

अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे पाय मोडून आले असते तर चाललं असतं?"

"चाललं असतं," मास्तर म्हणाले. तेही माझ्याइतकेच चिडके दिसले.

मी प्लास्टरचे दोन्ही पाय त्यांच्या पुढ्यात ठेवले, जरा आपटूनच. त्यांनी एक उचलला, उजेडात फिरवला, टाचेवरून अंगठा फिरवला.

"हा साचा कुणी काढला?"

"मी."

"कुठेही बुडबुडा नाही."

"सव्वीस वर्षांत कधी सोडला नाही."

मग खुर्ची पुढे केली. त्यांचा साचे काढणारा माणूस काम सोडून गेलाय, पेशंट ताटकळतायत. ठरलं असं, की दर शनिवारी मी त्यांच्या पेशंटच्या पायांचे साचे काढायचे आणि त्यांनी कामाच्या वेळेनंतर माझे बूट करायचे. "पण घाई कशाला?" त्यांनी विचारलं. "पुढच्या वर्षी जा." मी म्हटलं, वहिनीचा हट्ट आहे. ते म्हणाले, "का, ते विचारलंत?"

विचारायचं काय त्यात. स्वभाव.

१७ मे

शनिवार. पाच जणांचे साचे काढले. एका आजींना पायाला हात लावून घ्यायची लाज वाटत होती. "इतका घाण पाय तुम्ही कशाला धरता?" म्हणाल्या. त्यांना आजवर दुकानदारांनी काय काय ऐकवलं ते त्या सांगत राहिल्या, आणि मी त्यांचा पाय आणखी घट्ट धरला. माझं तर निव्वळ डोंगराचं कौतुक.

२४ मे

पहिली फिटिंग. मास्तरांनी माझ्या साच्यावरून लाकडी पाय तासलाय, ते त्याला कलबूत म्हणतात, आणि त्यावर कच्चं चामडं ओढलंय. मला उभं केलं, बसवलं, चवड्यावर उभं केलं. खडूने तीन ठिकाणी खुणा केल्या. तेवढ्यात दादाचा फोन.

"काडी, एक सुचलंय. यंदा आपण दोघं डोंगरावर जाऊ या का? सहा दिवसांची चाल आहे. तुला चांगले बूट मात्र घ्यावे लागतील हं."

माझ्या पायात अर्धा बूट, आणि हा असा! "दादा, थट्टा पुरे झाली!" म्हणून फोन ठेवूनच दिला. तीन महिने माझी टिंगल चालवलीय. आधी लक्ष द्यायचं नाही, मग वर वेड पांघरायचं.

मास्तर चामड्याकडे बघत म्हणाले, "भाऊ असंच पुन्हा पुन्हा विचारतात का?"

"त्याला मजा वाटते."

"दर वेळी पहिल्यापासून सांगत जा. बरं वाटतं माणसाला."

बूट करा म्हणावं. उपदेश कुणी मागितला होता?

७ जून

बूट मिळाले. तपकिरी, साधे, जरा जुन्या वळणाचे. घातले, लेस बांधली, उभी राहिले. आणि काहीच झालं नाही. टाच सरकली नाही, बोटं आपटली नाहीत. काय लिहायचं कळत नाही. बावन्न वर्षांत पहिल्यांदा पायात बूट आहे हे मी विसरले. कारखान्याच्या मागच्या उतारावर चार वेळा चढले-उतरले. मास्तर दारात उभे राहून हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

१२ जून

निघालो. बसस्टँडवर वहिनीने सूचनांचा पाऊस पाडला. दादाच्या जाकिटाच्या आत नाव आणि फोन नंबर शिवलाय, शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डब्यावर असावा तसा. "त्याला एकटा सोडू नकोस, अगदी पाच मिनिटंसुद्धा." मी म्हटलं, "अहो वहिनी, जन्मभर रानावनात एकटा फिरलेला माणूस आहे तो." तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दादा शेजारीच होता. मिटून घेतलं. बस सुटेपर्यंत ती खिडकीखाली दादाच्या हातावर हात ठेवून उभी होती. माझ्याकडे बघितलंही नाही. बूट दाखवायचे राहूनच गेले.

१५ जून, दुपार

आज लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी निवाऱ्यात जाग आली तेव्हा शेजारची गादी रिकामी. जाकीट खुंटीवर. बाहेर धुकं नव्हतं, लख्ख होतं, तरी दादा कुठेच दिसेना. कालपासून आमच्याबरोबर चालणाऱ्या दोघी नर्स वरच्या वाटेने बघायला गेल्या, मी पिशवी खांद्याला अडकवून ओढ्याकडे धावले. ओले दगड, सुटी माती, सरळ उतार. मी एकदाही घसरले नाही.

तो पाण्याकाठी दगडावर बसला होता. पायात नुसते मोजे. बूट शेजारी नीट जोडून ठेवलेले, लेसा आत खोचलेल्या. माझी चाहूल लागल्यावर अदबीने उठला.

"नमस्कार. तुम्ही इथल्याच का?"

तुम्ही. मला.

"माझी बहीण यायची आहे," म्हणाला. "तिला कुठे बूट मिळत नाहीत हो. फार बारीक पाय आहेत तिचे. सगळीकडे हिंडली बिचारी. म्हटलं, माझे होतात का बघू."

मी उभीच राहिले. मग त्याच्या शेजारी बसले.

"मिळाले तिला," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच. छान बसलेत. अजिबात लागत नाहीत."

त्याचा चेहरा असा काही उजळला! "मग येईल ती," म्हणाला.

आम्ही पाण्याकडे बघत बसलो. मग तो एकदम म्हणाला, "काडी, माझे मोजे भिजले गं." मी पिशवीतले कोरडे काढले आणि त्याच्या पायात घातले.

निवाऱ्यातल्या फोनवरून वहिनीला गाठलं. ओरडलेच तिच्यावर. "सांगितलं का नाही मला?"

"त्यांनी शपथ घातली होती," वहिनी म्हणाली. "डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं. ते म्हणाले, काडीला कळलं तर ती मला खुर्चीत बसवून ठेवेल, डोंगरावर नेणार नाही." मग तिनेच विचारलं, "नेलं असतंस का?"

फोन ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. कुणावर चिडावं तेच कळेना. दोन-तीन नावं आठवून बघितली. सगळ्यात शेवटी माझंच उरलं.

१६ जून

पहाटे निवाऱ्याचा रखवालदार सगळ्यांदेखत म्हणाला, "अशा माणसाला वर आणायचंच कशाला? आजच्या आज खाली न्या. इथली जबाबदारी माझ्यावर आहे."

दादा समोर सूप पीत बसलेला, आणि हा असा बोलतोय जणू तिथे एखादं गाठोडं ठेवलंय!

"तो ऐकतोय," मी म्हटलं. "जे काय विचारायचं ते त्याला विचारा."

"काय विचारायचं? त्यांना काही आठवतं का?"

मी नकाशा दादापुढे पसरला. "दादा, खिंडीपर्यंत चढ किती?"

त्याने बोट टेकवलं आणि सांगायला लागला. पहिला तास सोपा, मग मुरमाड कडा, तिथे उजव्या अंगाने राहायचं, डावीकडे माती निसटते. पुढे सपाटी, तिथे पाणी. रखवालदार नकाशावर वाकला. डावीकडची माती गेल्याच आठवड्यात निसटली होती, असं थोरली नर्स मला नंतर म्हणाली.

"काल इथून एकटे गेलेच ना पण?" रखवालदार शेवटी पुटपुटला.

"गेला. चूक माझी. आज मी हात सोडणार नाही." जबाबदारीच्या कागदावर मी इतकी दाबून सही केली की खालच्या पानावरही उमटली. दोघी नर्स म्हणाल्या, आम्हीही त्याच वाटेने जातोय, एक पुढे राहील, एक मागे.

चढायला पाच तास लागले. दादा मधे दोनदा मला आईच्या नावाने हाक मारून गेला. मी ओ दिली.

हे खिंडीत बसून लिहितेय. वारा पानं उलटतोय. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या रांगा, आणि दादा बोटाने एकेक रांग मोजतोय.

"काडी, पोचलो का गं आपण?"

"पोचलो, दादा."

"अरे वा!" म्हणाला, आणि हात पसरून उभा राहिला.

पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कुठून निघालो, कसे चढलो, ही खिंड कुठली. पुन्हा "अरे वा!" पुन्हा हात पसरले, अगदी तितकेच. आता परत माझ्याकडे वळलाय. विचारेल. वही मिटते.